रिकामा रकाना

पुणे,
१४ जून

चि. मुक्तास,


परवा तुझा फोन मी कुकरच्या शिट्टीचं निमित्त सांगून मध्येच ठेवला. शिट्टी झाली नव्हती. तुला काय सांगावं ते सुचेना, म्हणून ठेवला. "आत्या, सहा आठवडे मी नुसते कोरे रकाने मोजतेय, यासाठी एमएस्सी केलं का?" असं तू म्हणालीस. वर हेही सांगितलंस, की तुमच्या डॉक्टरसाहेबांना पी-व्हॅल्यू ०.०५च्या खाली येतेय का, एवढंच हवं असतं. तीस वर्षांपूर्वी नोकरीला लागले तेव्हा मीही तुझ्या आजोबांपुढे हेच रडगाणं गायले होते. त्यांचा संख्याशास्त्राशी काही संबंध नव्हता, ते तलाठी होते. सुपारी कातरता कातरता म्हणाले, "पीकपाण्याचा रकाना कोरा असला म्हणजे शेत पडीकच असतं असं नाही. तलाठी बांधावर गेला नव्हता, असंही असतं." मला तेव्हा ते भलतंच काहीतरी वाटलं होतं. तुझ्या कोऱ्या रकान्यांचं ऐकून ते आठवलं.

मधुमेहाच्या अभ्यासात एखादा तपासणीला आला नाही, तर त्याची एसटी चुकली असेल, घरात लग्न असेल. तुमच्यासारख्या नैराश्याच्या अभ्यासात न येणं हे कित्येकदा त्या आजाराचंच लक्षण असतं. ज्याला सकाळी उठवत नाही, कुणाशी बोलवत नाही, चार माणसांत जाववत नाही, तो आरोग्यकेंद्राच्या बाकावर बसून तुमच्या प्रश्नावलीतल्या नऊ प्रश्नांची उत्तरं कशी देणार? सहा महिन्यांनी त्या बाकावर जे दिसतात, ते निदान घराबाहेर पडण्याइतके सावरलेले असतात. त्यांचीच सरासरी काढलीस तर कुठलाही उपचार गुणकारी दिसेल, अगदी अंगारासुद्धा. आणि याच्या उलटही घडतं. जो बरा झाला, कामाधंद्याला लागला, त्याला पुन्हा त्या प्रश्नांच्या वाटेला जायचं नसतं. दोघांचे रकाने तुझ्या पडद्यावर सारखेच कोरे. त्यांच्यातला फरक संगणकाला कळत नाही, आणि खुर्चीत बसून तुलाही कळणार नाही.

आमच्या उमेदवारीच्या काळात यावर एक सोपा तोडगा होता. माणूस शेवटचा ज्या दिवशी दिसला, त्या दिवसाचा आकडा पुढच्या सगळ्या रकान्यांत ओढायचा. मीही ओढलेत, नाकारत नाही. त्यात असं गृहीत असायचं, की माणसानं दार लावून घेतलं त्या क्षणापासून तो आत गोठून बसलाय. नैराश्य तसं वागत नाही. ते चढतं, उतरतं, पुष्कळदा औषधावाचूनही ओसरतं. आता तुमच्याकडे डोनाल्ड रुबिन यांची पद्धत आहे: कोरा रकाना एकदाच न भरता वीस-पन्नास वेळा, शक्य वाटतील अशा वेगवेगळ्या आकड्यांनी भरायचा, आणि त्या भरण्यातली धाकधूक शेवटच्या उत्तरात शिल्लक ठेवायची. पद्धत चांगली आहे, वापर. पण ती नेहमी जशी वापरतात तिच्यामागे एक समजूत असते. न आलेल्यांचं न येणं हे आपण आधी टिपलेल्या गोष्टींवरून, म्हणजे वय, सुरुवातीचे गुण, केंद्रापासूनचं अंतर यांवरून उलगडतं, अशी. ही समजूत खरी आहे का, हे हातातल्या आकड्यांवरून कधीच सिद्ध होत नाही. म्हणून मुख्य उत्तर निघालं की स्वतःलाच छळायचं. न आलेले सगळे माझ्या अंदाजापेक्षा दोन गुणांनी वाईट असले तर? चार गुणांनी? कितव्या गुणाला आपला निष्कर्ष कोसळतो ते शोधायचं आणि निबंधात छापायचं. तुमच्या साहेबांना हे रुचणार नाही. त्यांना म्हणावं, नियतकालिकाच्या परीक्षकानं विचारण्याआधी आपण विचारलेलं बरं.

आता माझी फजिती ऐक. मराठवाड्यात एक अभ्यास चालला होता. भरती जूनमध्ये केलेली. सहाव्या महिन्याच्या फेरीला रकाने धडाधड कोरे यायला लागले. मी पुण्यात बसून तर्क लढवला, की समुपदेशन लोकांना पटत नाही. त्यावर तक्ते केले, बैठकीत मांडले, माना डोलल्या. शेवटी आमच्या कार्यकर्तीबरोबर जीपमधून गेले. गावात म्हातारी माणसं आणि काही पोरं. बाकी दारांना कुलपं. सगळे ऊसतोडीला गेले होते. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात, हे त्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सॅम्पल साइझ काढताना मी दोन दशांश स्थळांपर्यंत गणित केलं होतं, जून अधिक सहा म्हणजे डिसेंबर हे मात्र केलं नव्हतं. तुझ्याकडे गोव्यात ऊसतोड नाही, पण महिनोन्‌महिने जहाजावर जाणारे आहेत, जून-जुलैची मासेमारीची बंदी आहे, काजूचा हंगाम आहे, चवथ आहे. भिंतीवर कालनिर्णय लाव आणि फेऱ्यांच्या तारखा त्यावर लिही. आणि "लॉस्ट टु फॉलो-अप" हा एकच शेरा सरसकट मारू देऊ नकोस. गावी गेली, नवऱ्यानं येऊ दिलं नाही, बरं वाटलं म्हणून नको म्हणाली, दारच उघडलं नाही, वारली: प्रत्येक कारणाला वेगळा आकडा दे. पुढचं सगळं विश्लेषण त्या शेऱ्यांवर उभं राहतं.

डेटा साफ करायचा तुला कंटाळा आहे, म्हणून आणखी एक सांगते. पीएचक्यू-९मध्ये, म्हणजे आपल्या त्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत, प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, नऊ प्रश्नांचे जास्तीत जास्त २७. आमच्याकडे उत्तर न मिळाल्यास ९ लिहायची पद्धत होती. एकदा मी तो ९ बेरजेतून वगळायला विसरले. डेटा भरणाऱ्या ताई बारावी शिकलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, सत्तावीसच्या वर बेरीज कशी जाते?" एका नोंदीत ३१ आले होते. त्या ३१मुळे चोरी पकडली गेली. पण ज्या बाईचे खरे गुण ४ होते आणि एक प्रश्न तिनं टाळला होता, ती ४ अधिक ९ अशी १३ची झाली होती. १० हा नेहमीचा उंबरठा, म्हणजे चांगली धडधाकट बाई मी कागदोपत्री नैराश्यात ढकलली होती. अशा किती जणी त्या तक्त्यात निमूट बसल्या होत्या! तक्ता दुसऱ्या दिवशी जायचा होता. तेव्हापासून मी कुठल्याही अभ्यासात आधी सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा बघते, मग चहा घेते.

महिन्यातून एक दिवस फिरतीवर जा. प्रश्न कसा विचारला जातो ते कानांनी ऐक. "गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस निराश वाटलं?" या प्रश्नाला आपल्याकडच्या बायका बहुधा "निराश नाही, पण टेन्शन आहे" असं म्हणतात. कुणी म्हणेल करमत नाही, कुणी जीव घाबरा होतो म्हणेल, कुणी हातापायांतल्या मुंग्या आणि पाठीच्या दुखण्यापलीकडे जाणारच नाही. विचारणारी त्यातून कुठला आकडा उचलते ते बघ. आणि सासू शेजारी बसलेली असताना दिलेली उत्तरं वेगळी असतात. सासू होती का, हासुद्धा एक रकाना करता येतो.

तिथेच तुला आणखी एक गंमत दिसेल. तपासणी करणारीला कोण कुठल्या गटातलं ते कळू नये म्हणून आपण एवढा आटापिटा करतो. आणि पेशंट पहिल्या वाक्यालाच म्हणतो, "तुमच्या त्या दुसऱ्या बाईंनी फार छान समजावलं हो!" संपलं. असं झालं की लगेच टिपून ठेवायला सांग. तू स्वतः मात्र 'अ' आणि 'ब'च्या पलीकडे जाऊ नकोस. कुठला गट उपचाराचा ते परवा तू उत्साहानं ओळखून दाखवत होतीस. ओळखू नकोस. विश्लेषणाचा आराखडा सही होऊन कुलपात जाईपर्यंत अडाण्यासारखी राहा.

आता साहेबांची पी-व्हॅल्यू. त्यांना परदेशातले दाखले देऊ नकोस, गोव्याचाच दे. 'मानस' ही चाचणी तुमच्याच अंगणात झाली, विक्रम पटेल आणि 'सांगात' संस्था यांची. २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. २४ केंद्रं, त्यांतली निम्मी सरकारी आणि निम्मे खासगी दवाखाने. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांनी नैराश्याच्या आणि चिंतेच्या पेशंटना हाताशी धरायचं, आणि लागेल तसा उपचार पायरीपायरीनं वाढवायचा. निदान पक्कं झालेल्यांपैकी सहा महिन्यांनी उपचार-गटातले ६५ टक्के बरे झाले, तुलनेच्या गटातले ५२.९ टक्के. गुणोत्तर १.२२, आणि त्याची ९५ टक्क्यांची कक्षा १.०० ते १.४७. उंबरठ्यावर उभं असलेलं उत्तर. साहेब असते तर तिथेच "आलं की नाही आलं" करत बसले असते. पण सरकारी आणि खासगी असे दोन भाग कर. सरकारी केंद्रांत ६५.९ विरुद्ध ४२.५. खासगीत ६४.१ विरुद्ध ६५.९, म्हणजे काहीच फरक नाही. आणि नीट बघ, उपचाराचा रकाना दोन्हीकडे जवळपास सारखाच आहे. हललाय तो तुलनेचा रकाना. खासगी दवाखान्यांत नेहमीच्या वाटेनंही तेवढेच लोक बरे होत होते. तिथल्या डॉक्टरांना घरच्यांसारखं ओळखणारे पेशंट, पुन्हापुन्हा तिथेच येणं, काय असेल ते असो, पण समुपदेशक नेमायचे कुठे, हा सरकारच्या पैशाचा प्रश्न त्या चार आकड्यांनी जितका उलगडला तितका एका पी-व्हॅल्यूनं उलगडला नसता.

त्या चाचणीत चिठ्ठी माणसांची नाही, केंद्रांची टाकली होती. एकाच दवाखान्यात एकाला समुपदेशक द्यायची आणि शेजारच्याला नाही, हे जमणारं नसतं. पण त्याची किंमत मोजावी लागते, आणि तुझी पहिली लढाई याच मुद्द्यावर होईल, असं मला दिसतंय. एका केंद्रात येणारी माणसं एकमेकांसारखी असतात: तोच डॉक्टर, तोच रस्ता, तोच दारूचा गुत्ता. वाड्यातल्या शंभर जणांना पाणी येतं का विचारलं, तर शंभर उत्तरं मिळतात, पण माहिती नळाएवढीच. हिशेब सोपा आहे: केंद्रातल्या माणसांतून एक वजा कर, त्यांच्यातल्या सारखेपणाच्या गुणांकानं गुण, एक मिळव. समज, केंद्रात १०० माणसं आणि गुणांक फक्त ०.०२. उत्तर येतं २.९८. म्हणजे तुझी २,४०० माणसं प्रत्यक्षात ८००च्या मोलाची. साहेब म्हणतील, केंद्रं तीच ठेवू, प्रत्येकात माणसं वाढवू. नाही म्हण. माणसं वाढवून फार थोडं मिळतं, केंद्रं वाढवावी लागतात. अनुदानाच्या अर्जाआधी भांडलीस तर हे भांडण जिंकशील. नंतर जिंकलीस तरी उपयोग नाही.

उत्तरं यायच्या आधी प्रश्न कागदावर बांधून ठेवायचे, हा आपल्या पेशातला खरा धर्म. तो मोडला की काय होतं, त्याचं सगळ्यांत खेदाचं उदाहरण किशोरवयीन मुलांच्या नैराश्याचंच आहे. पॅरॉक्सेटिन या औषधाची 'स्टडी ३२९' नावाची चाचणी. २७५ मुलं. २००१ साली निबंध आला, औषध गुणकारी आणि सोसणारं म्हणून. आधी ठरवलेल्या दोन मुख्य मोजमापांवर फरक पडलेला नव्हता. जे मागाहून जमलं ते पुढे आणलं गेलं होतं. त्याहून वाईट म्हणजे आत्महत्येच्या विचारांच्या आणि प्रयत्नांच्या काही नोंदी 'भावनिक अस्थिरता' अशा मऊ शीर्षकाखाली गेल्या होत्या. २०१५ साली दुसऱ्या संशोधकांनी मूळ कागद घेऊन पुन्हा हिशेब केला आणि 'बीएमजे'मध्ये छापला: औषधाचा गुण दिसत नाही, अपाय दिसतो. मधली चौदा वर्षं डॉक्टर कुठला निबंध वाचत होते, ते तूच बघ. त्या शीर्षकाकडे मी पुन्हापुन्हा जाते. कुणीतरी एका संध्याकाळी यादीतून तो शब्द निवडला असणार. तुझ्यापुढेही अशी यादी येईल.

आणि काही वेळा अख्खा अभ्यासच कोरा रकाना होतो. एरिक टर्नर यांनी २००८ साली अमेरिकेच्या औषध-प्रशासनाकडे नोंदलेल्या नैराश्यावरच्या औषधांच्या ७४ चाचण्या घेतल्या. छापील निबंध वाचणाऱ्याला त्यांतल्या ९४ टक्के यशस्वी वाटत होत्या. प्रशासनाच्या फायलींप्रमाणे यशस्वी होत्या ५१ टक्के. बाकीच्यांतल्या पुष्कळशा छापल्याच नाहीत, काही सजवून छापल्या. आपल्याकडे २००९पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआय या चाचण्यांच्या नोंदवहीत करावी लागते. तुमच्या अभ्यासाची नोंद कधी झाली, आणि तिथे मुख्य मोजमाप कुठलं लिहिलंय, ते उद्याच उघडून बघ. प्रोटोकॉलमध्ये एक आणि नोंदीत दुसरं असं आढळलं, तर आत्ता आरडाओरडा कर.

मोजपट्टीबद्दलही थोडं डोळसपण हवं. नैराश्य मोजायच्या हॅमिल्टनच्या जुन्या पट्टीत १७ प्रश्न, त्यांतले तीन नुसते झोपेचे, प्रत्येकी २ गुण. एखाद्या औषधानं माणूस नुसता गाढ झोपला तरी सहापर्यंत गुण उतरू शकतात, मन होतं तिथेच असलं तरी. पट्टीवर उतरलेला गुण म्हणजे नेमकं काय उतरलं, हे विचारायची सवय ठेव. दहाच्या उंबरठ्याचंही तसंच. नऊ गुणांचा माणूस आणि दहा गुणांचा माणूस यांच्यात आपण भिंत बांधतो, आणि तोच माणूस पुढच्या मंगळवारी आठवर असतो. आपल्या पेशातल्या पां. वा. सुखात्म्यांनी हीच गोष्ट कुपोषणाबद्दल मांडली होती. एकाच माणसाची उष्मांकांची गरज दिवसागणिक कमीजास्त होते, तेव्हा सरासरीच्या खाली दिसणारा प्रत्येक जण उपाशी म्हणून मोजता येत नाही. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकरांना ते पटलं नाही आणि दोघांचा मोठा वाद झाला. कोण बरोबर होतं यात मी आज शिरत नाही (शिरले तर पत्र संपायचं नाही, आणि तुझे बाबा दांडेकरांच्या बाजूचे आहेत). पण तो वाद वाच. उंबरठा कुठे ठेवला यावर किती लाख माणसं आत आणि किती बाहेर जातात, ते त्यात स्वच्छ दिसतं. घरच्या घरी हिशेब कर: हजारातली शंभर खरी आजारी आणि चाचणी दोन्ही बाजूंनी ८५ टक्के अचूक आहे असं धर. शंभरातले ८५ सापडतील, पण उरलेल्या नऊशे निरोग्यांतले १३५ही जाळ्यात येतील. २२० जणांना "तुम्हाला नैराश्य" म्हटलं, त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना ते नाही. वर्तमानपत्राला मात्र २२ टक्के जातात.

वर्तमानपत्रांचे फोन तुलाही येतील. आत्महत्यांचे आकडे जाहीर झाले, की "महाराष्ट्र देशात पहिला" अशी बातमी येते. २०२२ साली आपल्याकडे २२,७४६ नोंदल्या गेल्या, देशात सर्वांत जास्त, हे खरं. पण लाखामागे बघितलं तर पहिलं होतं चिमुकलं सिक्कीम. छेद काय आहे, एवढं विचारलंस तरी फोनवरचा माणूस गोंधळतो. तसंच निम्हान्सच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातले १०.६ टक्के कुणी महाराष्ट्राच्या नावावर खपवत असेल तर थांबव. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं, महाराष्ट्र त्यांत नव्हताच. आपलं राज्यच त्या तक्त्यात कोरं आहे. आणि आपल्या माणसांचं काम असलं तरी हात आखडू नकोस. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' हा उपक्रम झाला. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे ४.३ टक्के होते, ते २७.२ टक्क्यांवर गेले. विदर्भातल्या खेड्यांत हे घडणं ही मोठीच गोष्ट. पण शेजारी तुलनेची गावं नव्हती, आधीचं आणि नंतरचं एवढंच मोजलेलं, तेव्हा त्यातलं किती उपक्रमाचं आणि किती काळाचं, हे त्या आकड्यांतून वेगळं करता येत नाही. टाळ्या वाजव, आणि हेही सांग.

साहेबांनी म्हणे सुचवलंय, की मुख्य मोजमाप आत्महत्याच ठेवू, परिणाम ठसठशीत दिसेल. २०२२चा देशाचा दर लाखामागे १२.४. तुझ्या हजार माणसांत वर्षाला अपेक्षित आकडा येतो ०.१२. पेशंटमध्ये धोका दसपट धरला तरी एक-दोन. एवढ्यावर कुठलीच चाचणी उभी राहत नाही. हे त्यांना ओरडून नको, पाटीवर लिहून दाखव. चांगले गृहस्थ वाटतात, पटेल त्यांना.

हे सगळं लिहिलं, पण ज्यासाठी कागद घेतला ते अजून राहिलंय. नववा प्रश्न. मेलेलं बरं असं वाटतं का, स्वतःला इजा करावीशी वाटते का. आठ प्रश्नांचे आकडे महिन्याअखेर बघितले तरी चालतात. नवव्याचे चालत नाहीत. मी एका ठिकाणी होते, नाव कशाला. तिथे फॉर्म गठ्ठ्यानं यायचे. एका शुक्रवारी मी वारंवारतेचा तक्ता काढला आणि नवव्या प्रश्नाखाली ३ दिसला, म्हणजे जवळजवळ रोज. तारीख बघितली तर तीन आठवड्यांपूर्वीची. विचारणारीला वाटलं होतं पर्यवेक्षक बघतील, पर्यवेक्षकांना वाटलं होतं विचारणारीनं डॉक्टरांना सांगितलंय, आणि मी तर काय, मी संख्याशास्त्रज्ञ, माझ्याकडे नावंसुद्धा नव्हती, नुसते क्रमांक. प्रोटोकॉलमध्ये सगळं व्यवस्थित लिहिलेलं होतं. मी क्रमांक घेऊन खाली धावले, कुलूपबंद यादीतून नाव शोधायला लावलं, आणि संध्याकाळी आमची समुपदेशक तिच्या गावी पोचली. बाई अंगणात कुरडया काढत होती. दोघी तासभर बोलल्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही, ते माझं काम नव्हतं. सोमवारी मी एक छोटा प्रोग्राम लिहिला: नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज काहीही पडलं की त्याच संध्याकाळी क्रमांक पर्यवेक्षकांकडे आणि डॉक्टरांकडे जाणार, आणि "बघितलं" अशी सही येईपर्यंत रोज जात राहणार. माझ्या नावावर निबंध बरेच आहेत. तो पंधरा ओळींचा प्रोग्राम कुठेच छापलेला नाही. तुला ईमेलनं पाठवते, तुमच्या टॅबलेटवर आणखी सोपा होईल.

तिच्या सहाव्या महिन्याचा रकाना कोरा आला. शेरा होता, "घर बंद". आम्ही दोनदा माणूस पाठवला. पुढे त्या क्रमांकाचं मी इतरांसारखंच केलं, पन्नास वेळा पन्नास आकड्यांनी भरला. ते पन्नासही आकडे मी वाचले होते.

राखीला येतेस ना? त्याआधी विश्लेषणाचा आराखडा पाठव, लाल पेन काढून ठेवलंय. 'अ' आणि 'ब' झाकून पाठव.

तुझी,
आत्या

ता. क. तुझ्या बाबांना सांगू नकोस की मी दांडेकरांचा वाद वाचायला सांगितला. लसणाची चटणी कुणी येणारं असलं तर त्यांच्याबरोबर पाठवते. तिकडच्या पावसात बुरशी येईल, फ्रीजमध्ये ठेव.